मास्तरचे कान

घोडा घोडाच राहिला तर आपल्या पदरात काय काय राहतं, याची मोजदाद आक्कांनी घरापासून शेडपर्यंतच्या पन्नास पावलांत उरकली. सगळ्यात आधी ती वेताची खुर्ची. घरात कशावरूनही बैठक बसो, कुणाच्या लग्नावरून, कुणाच्या गुडघ्यावरून नाहीतर गाड्यांच्या नव्या रंगावरून, हात असलेली ती एकमेव खुर्ची आक्कांची. कारण वडिलांना, म्हणजे अप्पांना, आणि त्यांच्या घोड्याला कळत्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं. खुर्चीच्या खालोखाल वहिनी, भाऊंची बायको. वहिनींच्या माहेरच्या चार घोड्यांना आक्कांच्या एका घोड्याने गेली पस्तीस वर्षं वेशीवर रोखून धरलं होतं. आणि घोडा राहिला तर तो मुळात आला कुठून, हे कुणी विचारणार नव्हतं. ही शेवटची गोष्ट आक्का मोजदादीत धरत नसत, पण ती असायचीच.

घोडा गेला तर काय जातं, हे मात्र त्यांनी मांडून पाहिलं नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला ते अवघड नव्हतं, नकोसं होतं.

पुढे भाऊ चालले होते, डोक्यावर ती खुर्ची उलटी घेऊन. एकसष्ट वर्षांचा, अकरा ट्रकांचा मालक, पण थोरल्या बहिणीची खुर्ची दुसऱ्या कुणाला उचलू देत नसे.

"आक्का, जपून हां. पायरीला चिखल आहे."

"असणारच. चिखलच बघायला बोलावलंयस ना?"

"माती म्हणायचं, आत्या," आतून भिंगरीचा आवाज आला. "चिखल म्हटलं की ती रुसते."

भिंगरी म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून आक्कांनीच ठेवलेलं नाव. आता सव्वीस वर्षांची ही मुलगी मातीच्या ढिगापुढे आठ-आठ तास उभी राहायची आणि नाव मात्र तेच चिकटून होतं. शिल्पकलेचं शिकून आल्यावर पाच वर्षं तिने टेबलावर मावतील एवढ्याच वस्तू केल्या: मुंडकी, हात, एकदा कुणा डॉक्टरच्या दवाखान्यासाठी दातांची कवळी. पहिल्यांदाच तिला अंगभर काम मिळालं होतं, तेही घरचंच. घरसामान हलवण्याच्या आपल्या धंद्याला सत्तर वर्षं होतात, तर अप्पांनी ज्याच्या पाठीवर कोळसा वाहून सुरुवात केली तो घोडा डेपोच्या फाटकाशी उभा करायचा, खराखुरा असेल तेवढ्या मापाचा, असं भाऊंच्या मनाने घेतलं होतं. उद्या सकाळी नऊला साचेवाला येणार, मातीवरून साचा काढणार, मग धातूचं ओतकाम. एकदा साचा निघाला की निघाला. म्हणून आज रविवारी घरच्यांनी बघून हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

आक्कांना धाकधूक होती ती तीन आठवड्यांपूर्वीच्या एका प्रश्नामुळे. हातावर सुकलेली माती घेऊन भिंगरी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली होती. "आत्या, घोड्याचे कान कसे होते?" आक्का म्हणाल्या होत्या, "घोड्यासारखे." पोरगी "बरं" म्हणून गेली, आणि गणिताच्या बाईंना चांगलं ठाऊक होतं की पहिल्याच उत्तराला "बरं" म्हणणाऱ्या मुलाला समजलेलं नसतं.

शेडमध्ये पूर्वी जुने टायर ठेवत. आता टायरांच्या जागी लाकडी चौथरा होता आणि त्यावर ओल्या गोणपाटांत गुंडाळलेला भलामोठा आकार. पत्र्यातल्या खिडकीतून ऊन आडवं येत होतं. खाली बादल्या, तारा, तीन कोरण्या आणि अर्धवट खाल्लेलं बिस्कीट, त्यावरही माती. भिंतीशी भिंगरीचा बाप उभा होता, भाऊंचा धाकटा भाऊ. डेपोत त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि घरातही आता तेच रूढ झालं होतं. मूर्तीच्या पोटातला लोखंडी सळ्यांचा सांगाडा त्याने स्वतः जोडून दिला होता. भिंगरीची आई नर्स, तिची आज ड्यूटी होती. वहिनी किटली घेऊन आल्या होत्या आणि ती कुठे ठेवली तर माती लागणार नाही याचा शोध घेत होत्या. आणि साहेब.

साहेब म्हणजे भाऊंचे चिरंजीव. नाव आक्कांनीच ठेवलेलं, बाविसाव्या वर्षी त्याने ऑफिसात स्वतःसाठी फिरती खुर्ची मागवली त्या दिवशी. त्याच्या काखेत आज गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग होता.

"हा कसला अभ्यास?" आक्कांनी बसता बसता विचारलं.

"काही नाही आत्या. पर्याय हाताशी असलेला बरा. फायबरचा तयार घोडा मिळतो. दोन पायांवर उभा. चार दिवसांत पोचवतात."

"आपल्या फाटकावर दोन पायांवर उभा राहणारा एक आहे की. आपला वॉचमन."

भिंगरी हसली, पण हसू ओठांपर्यंतच आलं. तिने हात पुसले आणि शेपटीकडून गोणपाट सोडायला घेतलं.

आधी खूर दिसले. मग मागच्या मांड्या. त्यातला एक पाय नुसता टोकावर टेकवून सैल सोडलेला, दमून उभं राहिलेलं जनावर सोडतं तसा. मग पोट. भाऊंच्या तोंडून "वा" निघालं. पोटाखालच्या शिरा दिसल्या तेव्हा "वा वा" झालं. किटली हातात धरूनच वहिनी एक पाऊल पुढे आल्या. "अगं, हे श्वास घेईल की आता." मान उघडी झाली तेव्हा भाऊ गप्प झाले, गहिवरल्यामुळे. डोक्यावरचं शेवटचं गोणपाट निघालं तेव्हाही ते गप्पच होते, पण आता कारण वेगळं होतं.

वीतभर लांब दोन कान होते.

"हे," साहेब म्हणाले, "गाढव आहे."

"थांब रे." भाऊंनी हात वर केला. भिंगरीकडे वळून त्यांनी आवाज मऊ केला. "बाळा, हे कान अजून छाटायचेत ना? कामात असतं तसं. आधी जास्त ठेवायचं, मग मापात आणायचं."

"नाही काका. मापातच आहेत."

"कुठल्या मापात?"

"खेचराच्या."

मिस्त्री खाकरला. "सांगाडा दुसऱ्यांदा करायला लावलास तेव्हाच मला मान आखूड वाटली होती. म्हटलं, घोडा थंडीने आखडला असेल."

"दुसऱ्यांदा?" भाऊ म्हणाले.

मग भिंगरीने सांगितलं, आणि भराभरा सांगितलं, कारण हे बोलणं तिने तीन आठवडे पाठ केलं होतं. तिने घोडाच करायला घेतला होता. मान घडली, डोकं घडलं. मग म्हटलं, अप्पांच्या जनावराचं जुनं सामान माळ्यावर आहे, तो चामड्याचा गळपट्टा मातीच्या गळ्यात घालून बघावा, कुठे कसा पडतो ते कळेल. पट्टा घोड्याच्या मानेला पुरेच ना. शेवटच्या भोकापर्यंत सैल करूनही नाही. तिला वाटलं आपलीच मान जाड झाली. मग ऑफिसच्या दारावरचा त्याचा नाल उतरवून खुराला लावून पाहिला.

"तो तू उतरवलास?" भाऊ छातीला हात लावत म्हणाले. रोज सकाळी त्या नालाला हात लावल्याशिवाय ते कुलूप उघडत नसत.

"परत ठोकला, काका. उलटा नाही ठोकला. पण तो अरुंद आहे, लांबट. घोड्याचा गोल असतो. शर्यतीच्या तबेल्यावरच्या नालबंदाला नेऊन दाखवला. त्याने हातात घेतला आणि नुसतं हसून विचारलं, तुमचं खेचर कुठंय?"

"तरीच मला भरभराट अर्धीच वाटते," साहेब म्हणाले. "नाल खेचराचा!"

"तू गप्प बस." भाऊ फेऱ्या घालू लागले, चौथऱ्याभोवती, शेपटीकडून तोंडाकडे आणि तोंडापाशी आले की नजर चुकवून पुन्हा शेपटीकडे. "माझ्या अकरा ट्रकांवर दोन्ही बाजूंनी पांढरा घोडा धावतोय. बावीस घोडे! आता काय बावीस घोड्यांचे कान ओढून लांब करू? लोक आपल्याला घोडेवाले म्हणतात. उद्यापासून काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील, पण बाबा, म्हणूनच सांगतो," साहेबांनी कॅटलॉग उघडला. "पान सोळा. आयाळ उडतेय बघा. साचेवाल्याला आज फोन करून 'येऊ नका' म्हणून सांगू. ही माती परत पिंपात. भिंगरीचा अपमान नाही यात. तिला मी ऑफिसात लहानसं काहीतरी..."

"कवळी?" भिंगरी म्हणाली.

कुणी हसलं नाही. मिस्त्रीने मुलीकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे. थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर तो आयुष्यात एकदाच गेला होता, स्वतःच्या लग्नाच्या वेळी, आणि ती शिल्लक त्याने तेव्हाच संपवली होती.

"भांडायचं कशाला?" भाऊ एकदम थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "बघितलेलं माणूस समोर बसलंय की! पट्टा आणि नाल काय, कुणाचेही असतील, अप्पांनी जुन्या बाजारातून उचलले असतील. आक्का, तू दहा वर्षांची होतीस ते जनावर गेलं तेव्हा. तू सांग. तू म्हणशील ते फाटकावर उभं राहील. कबूल, भिंगरी?"

भिंगरीने आत्याकडे पाहिलं. "कबूल."

असा निवाडा आयता हातात यावा, यासाठीच तर ती खुर्ची होती. आक्कांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, चष्मा वर सरकवला आणि पस्तीस वर्षं सवयीचं झालेलं वाक्य म्हणाल्या.

"घोडा होता. पांढरा."

"झालं!" भाऊंनी टाळी वाजवली.

भिंगरी बादलीकडे वळली. वाद घातला असता तर आक्कांना सोपं गेलं असतं. वाद घालणाऱ्या पोरांना त्यांनी तीस वर्षं सहज गप्प केलं होतं. ही मुकाट्याने बादलीत गोणपाट भिजवून, पिळून, जनावराच्या पाठीवर पांघरू लागली. उद्या जी माती फोडून पिंपात टाकायची, ती आज सुकू नये म्हणून एवढी काळजी. कडेच्या घड्या तिने हाताने सारख्या केल्या.

गोणपाट मानेपर्यंत आलं तेव्हा आक्कांचं लक्ष गेलं. जनावर समोर बघतच नव्हतं. मान जरा डावीकडे वळलेली होती आणि डावा कान तर पुरता तिकडे, तिथे कुणी उभं असावं तसा.

"हे असं वाकडं का बघतंय?" त्यांनी विचारलं.

"ते पट्ट्यामुळे, आत्या." भिंगरीने हात थांबवला नाही. "पट्टा सगळीकडे खरखरीत आहे, फक्त डाव्या बाजूला एवढीशी जागा गुळगुळीत, काळी झालीय. चार बोटं बसतात. म्हणजे कुणीतरी रोज त्याच जागी हात ठेवून शेजारून चालत असणार. ओढत नसणार. ओढलं असतं तर शिवण ताणली असती. मग म्हटलं, एवढी वर्षं कुणी असं शेजारून चाललं, तर हे त्याच्याकडेच बघत राहिलं असेल ना."

वहिनींनी किटली अखेर जमिनीवरच ठेवली.

आक्का उठल्या. खुर्चीतून बैठक संपायच्या आधी त्या उठल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. चौथऱ्यापाशी जाऊन त्यांनी आपला हात त्या मातीच्या मानेवर डाव्या अंगाने ठेवला, जिथे कोळशाच्या भुकटीने काळा झालेला एक हात असायचा. मग वर पाहिलं. म्हणाल्या,

"डावा कान चुकलाय."

"बघ!" भाऊ म्हणाले. "आखूड हवा ना?"

"लांबी बरोबर आहे. टोकापासून दोन बोटांवर खाच हवी. कुत्रा चावला होता."

"घोड्याला?"

"घोडा कुठला आलाय, भाऊ." आक्कांनी हात काढला नाही. "खेचरच होतं ते. काळपट तपकिरी. अप्पा त्याला मास्तर म्हणायचे. कोळशाची पोती पाठीवर घेऊन दारोदार जायचे ना दोघं, तर हे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात आपणहून थांबायचं, एकही घर न गाळता. हजेरी घेतल्यासारखं. गिऱ्हाईक गावाला गेलं असलं तरी थांबायचं. अप्पा म्हणायचे, मास्तर, गैरहजर मांडा आणि चला पुढे."

साहेबांचा कॅटलॉग आपोआप मिटला.

"मग घोडा?" भाऊंनी विचारलं.

"घोडा तुझ्या लग्नाच्या बोलणीत जन्मला. वहिनींचे वडील आपल्याकडे आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, आमच्याकडे चार घोडे होते. आणि आपल्या भिंतींकडे बघितलं, अशा नजरेनं. मी म्हटलं, आमच्याकडे एकच होता, पण पांढरा होता." आक्कांनी श्वास घेतला. "आईने चहाचा ट्रे आपटला, पण बोलली नाही. मला वाटलं, आठवड्याभरात विसरतील. महिन्याभराने तू पहिल्या ट्रकवर रंगाऱ्याकडून काढूनच आणलास."

त्यांनी वहिनींकडे बघायचं टाळलं. इतकी वर्षं ज्या घोड्याच्या जोरावर त्यांनी त्या बाईला माहेरचं नाव काढू दिलं नव्हतं, तो घोडा आता पाय मोडून पडला होता आणि वहिनींनी काय ते करावं. करणारच. हिशेबाने त्यांची पाळी होती.

"मला माहीत आहे, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं. माळा झाडताना तो पट्टा सापडला, मी विचारलं. म्हणाल्या, खेचर होतं, पण आमच्या मुलीच्या तोंडून गेलंय, आता तू काही बोलू नकोस." वहिनींनी पदराने किटलीचं बूड पुसलं. "आणि नसतं सांगितलं तरी... वन्सं, कोळसा वाहायचा ना? पांढरा घोडा, कोळसा वाहून पांढरा? तुम्ही गणिताच्या, म्हणून मी आपली विचार करायची, यात काहीतरी रीत असेल."

मिस्त्री आधी हसला. तोंड दाबून, खांदे हलवत. मग भिंगरी. आक्कांना तीस वर्षांत फळ्यावरची चूक कुणी दाखवली नव्हती, आणि ही तर सत्तर वर्षांच्या धंद्याच्या अकरा ट्रकांवर दोन्ही बाजूंनी काढलेली होती.

"पस्तीस वर्षं!" आक्का म्हणाल्या. "आणि मी तुमच्या तोंडावर घोडा घोडा करत होते, तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले असते. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर नक्की बोलली असती." वहिनी जराशा लाल झाल्या. "पण आमचे चार घोडे लाकडाचे होते."

"काय?"

"माझे आजोबा जत्रेत पाळणा चालवायचे. तो गोल फिरणारा. त्याचे चार घोडे. बाबा खोटं नव्हते बोलले, होतेच चार. फक्त ते कुठे जायचे नाहीत."

आता भाऊंना बसायला काहीतरी हवं होतं, म्हणून ते आक्कांच्या खुर्चीत बसले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. एका उलट्या बादलीवर आक्का टेकल्या, दुसरीवर वहिनी, आणि दोघी एकमेकींकडे बघून अशा हसायला लागल्या की वहिनींचा चष्मा आक्कांच्या मांडीवर पडला. थोडं शांत होतंय असं वाटलं की वहिनी म्हणायच्या, "एकाला शेपूटही नव्हतं," आणि पुन्हा सुरू.

"हसा," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून दोघी थांबल्या. ते मूर्तीकडे बघत होते; आता नजर न चुकवता, सरळ कानांकडे. "आक्का, मी पाच-सहा वर्षांचा असताना तुला विचारलं होतं. आठवतं? मी म्हटलं होतं, मला काहीतरी आठवतं, मी उंच कशावर तरी बसलोय, पुढे दोन लांब कान आहेत आणि ते हलतायत."

आक्कांना आठवलं. "मी अभ्यास करत होते. म्हटलं, स्वप्न असेल, जा झोप."

"मग मोठेपणी घोडा कळला. म्हटलं, घोड्याला एवढे कान नसतात, म्हणजे स्वप्नच. कधीकधी वाटायचं, सशावर बसलो होतो की काय." भाऊंनी नाक ओढलं. "आयुष्यात अप्पांबरोबरचं मला तेवढं एकच आठवतं. मागून धरलेलं असायचं मला. तो हात अप्पांचा होता?"

"डावा हात पट्ट्यावर," आक्का हळूच म्हणाल्या, "आणि उजवा तुझ्या पोटाभोवती. दर रविवारी. मी मागून चालत यायचे, मला रागच यायचा."

भाऊ उठले, मातीच्या जनावराच्या मागच्या बाजूला गेले आणि दोन कानांच्या मधून पलीकडे बघत उभे राहिले. एकसष्ट वर्षांचा माणूस, टाचा उंचावून. खूप वेळ.

"उंची बरोबर आहे," शेवटी म्हणाले. "अंदाजे."

"म्हणजे?" भिंगरीचा आवाज फाटला.

"म्हणजे साचेवाला किती वाजता येणार आहे? नऊ? त्याला आठला बोलाव. माझं मन बदललं तर?"

"बाबा, आणि ट्रकांचं काय?" साहेबांनी कॅटलॉगवरची पकड अजून सोडली नव्हती. "ट्रकवर घोडा आणि दारात खेचर?"

"असू दे की," वहिनी म्हणाल्या. "रस्त्यावर खोटं आणि दारात खरं. लोकांचं उलट असतं."

मिस्त्रीने पुढे होऊन पुतण्याच्या काखेतून कॅटलॉग काढून घेतला आणि चौथऱ्याचा एक पाय डुगडुगत होता त्याखाली दुमडून सरकवला. "बराच वेळ शोधत होतो," तो म्हणाला. "बरोबर जाडीचा आहे." आयुष्यात दुसऱ्यांदा शब्दाबाहेर गेल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

राहिली कानाची खाच. भिंगरीने कोरणी घेतली. "किती खोल, आत्या?"

"आण इकडे. तुला कुत्रा माहीत नाही."

"आत्या, हात पोचायचा नाही."

"म्हणून खुर्ची आहे."

नको नको म्हणणारे चार जण होते आणि ऐकणारं कुणी नव्हतं. मिस्त्रीने खुर्ची चौथऱ्याला टेकवली. एका बाजूने भाऊंनी आक्कांचा दंड धरला, दुसऱ्या बाजूने वहिनींनी कंबर, आणि अडुसष्टाव्या वर्षी आक्का आपल्या मानाच्या खुर्चीवर चपला काढून उभ्या राहिल्या. कान हाताला गार लागला. त्यांनी टोकापासून दोन बोटं मोजली आणि कोरणीने एकच काप दिला. मग तो फार स्वच्छ वाटला म्हणून अंगठ्याने दाबून जरा बिघडवला.

"आता हजर," त्या म्हणाल्या, आणि समाधानाने सगळा भार टाचांवर टाकला.

वेताने कर्रर केलं. आक्का गुडघ्यापर्यंत खुर्चीत गेल्या, भाऊ आणि वहिनी दोन्ही बाजूंनी त्यांना लोंबकळत धरून उभे, आणि तिघांपैकी एकालाही हसू आवरेना म्हणून बाहेर काढायला मिस्त्री आणि साहेबांना यावं लागलं. साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टावर पहिल्यांदाच माती लागली. त्यांनी ती लगेच झटकली नाही, हे भिंगरीने पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आठला साचा निघाला, अंगठ्याच्या ठशासकट. भाऊंनी समारंभाचं भाषण फाडून नवं लिहायला घेतलं आणि "माझ्या आठवणीप्रमाणे" या दोन शब्दांपाशीच तीन दिवस अडले. एका आठवणीशिवाय त्यांनी पंचावन्न वर्षं काढली होती. ती आता व्याजाशिवाय का होईना, हाती आली. वहिनींनी पस्तीस वर्षं गिळलेलं एक वाक्य एका रविवारी बोलून टाकलं आणि त्यानंतर आठवडाभर त्यांना नेहमीपेक्षा जास्त भूक लागत होती. साहेबांचं पान सोळा चौथऱ्याखाली कायमचं दबलं. आक्कांना वाटलं होतं की घोडा गेला तर सगळं आपल्याच माथी येईल. पण हिशेबाला बसल्यावर दिसलं ते असं, की त्या खोट्याचं आजवरचं देणं दुसरेच भरत आले होते, एकही अक्षर न बोलता, आणि आक्कांच्या वाट्याची सगळी फेड शेवटी करून टाकली ती खुर्चीने.

ती पुन्हा विणायची नाही असं आक्कांनीच ठरवलं. पुढच्या बैठकीला त्या सतरंजीवर बसल्या, वहिनींच्या शेजारी.